अंड्यांवरच्या फुल्या

टिंबांच्या जागी फुल्या होत्या. लॅमर्टने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि जुन्या फ्रिजच्या उघड्या दाराशी वाकून पाहिलं, तरी त्या फुल्याच होत्या. ओल्या शेवाळात बसवलेल्या पांढऱ्या, लांबट अंड्यांच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने काढलेल्या बारीक, तिरक्या, जपून काढलेल्या फुल्या. टिंबं त्याने स्वतः दिली होती, त्याच्या सापांतल्या मोठ्या मादीने, शानमावशीने, अंडी घातली त्याच दुपारी, एकमेकांना चिकटून बसायच्या आत ती सोडवून घेताना. टिंब म्हणजे वरची बाजू. सापाचं अंडं ज्या बाजूवर पडलं त्याच बाजूवर शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. आतला जीव वरच्या सालीला धरून असतो, अंडं उलटलं की तो आपल्याच बलकाखाली बुडतो. हे त्याने आजवर किती नवख्यांना सांगितलं असेल त्याला गणती नव्हती, आणि सांगताना तो नेहमी तर्जनी वर करायचा, म्हणून साप पाळणाऱ्यांच्या संघातले लोक त्याला गमतीने पाद्रीबुवा म्हणत. आता त्याने एक अंडं दोन बोटांत धरून किंचित उचललं, जे कधीच करायचं नसतं, आणि खालून पाहिलं. टिंब खाली होतं, शेवाळाचा एक धागा त्याला चिकटला होता. दुसऱ्याचंही तसंच. तिसरं उचलायचा धीर झाला नाही. त्याने फ्रिजचं दार हलकेच लावलं आणि मुलीच्या जुन्या खोलीत नुसता उभा राहिला.

फ्रिज त्याच्या बायकोच्या, हेनीच्या आईचा. थंडावा कधीच गेलेला, आत लॅमर्टने उबेची तार फिरवली होती, आणि त्या फ्रिजमधून आजवर इतकी पिल्लं निघाली होती की हेनी म्हणायची, आमच्या आईला हयातीत एवढी नातवंडं दिसली नाहीत. भिंतीला लागून काचेच्या पेट्या. त्यांत मक्याचे साप, लोक सरळ कॉर्न स्नेक म्हणतात, पोटाखाली कणसाच्या दाण्यांसारखी चौकट असलेले, नारंगी, तांबूस, एक अगदी फिकट राखी. लॅमर्टने त्यांना कधी नावं दिली नाहीत. तो 'मोठी मादी', 'राखी नर' असंच म्हणायचा. नावं हेनीने दिली, आणि सगळी तिच्या माहेरच्या माणसांची. मोठी मादी शानमावशी झाली, कारण कात टाकायच्या आधी तिचे डोळे निळसर धुरकट व्हायचे आणि ती कुणावरही फुत्कारायची. हेनीची खरी शानमावशीही मोतीबिंदूच्या दिवसांत अशीच वागायची म्हणे. हेनीने सापाला कधी हात लावला नाही. लग्नानंतर काही वर्षांनी पहिला साप घरात आला तेव्हा तिने एवढंच सांगितलं होतं की साप तुझे, पण फ्रीजर अर्धा माझा. तेव्हापासून आइस्क्रीमच्या डब्यातले गोठलेले उंदीर एका बाजूला आणि तिचं वाटाण्याचं सूप दुसऱ्या बाजूला, असा संसार सुरळीत चालला होता. शानमावशी आता म्हातारी झाली होती. ही तिची शेवटची वीण, यानंतर तिला नराजवळ सोडायचं नाही, हे लॅमर्टने थंडीतच ठरवलं होतं. त्याचीही ती शेवटचीच होती, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून या अंड्यांत त्याचा जीव जरा जास्तच गुंतला होता, आणि म्हणूनच हवा खेळवण्यासाठी फक्त सोमवारी फ्रिज उघडायचा हा नेम त्याने कटाक्षाने पाळला होता. निदान त्याची तशी समजूत होती.

जिना उतरताना त्याच्या मनात एकच माणूस होतं, कारण घरात दुसरं माणूस नव्हतं. हेनी ओट्याशी पावाला लोणी लावत होती. त्याने कुठलीही प्रस्तावना न करता विचारलं, "वर गेली होतीस?"

"परवा गेले होते. तिथली धूळ आपोआप जात नाही."

"फ्रिज उघडलास?"

"कशाला? तिथे मी काय लोणी ठेवलंय?"

"नीट सांग हेनी. अंडी कुणीतरी उलटी केलीत. सगळी. वर फुल्या काढून ठेवल्यात. घरात आपण दोघंच, आणि मी काही केलेलं नाही."

हेनीने सुरी खाली ठेवली. तिने त्याच्याकडे पाहिलं. एरवी असल्या आरोपावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तिला उगाच बोललेलं खपत नसे आणि त्यालाही ते माहीत होतं, त्या भांडणासाठी तो तयारही होता. पण ती म्हणाली, "मग माझाच हात लागला असेल. पुसताना."

"हात लागून फुल्या उमटतात का?"

"काढल्या असतील मीच. चुकलं माझं, लॅमर्ट. कॉफी घे."

हे ऐकून तो जास्तच भडकला. खोटं बोलायचं तर तेही तिला धड जमत नव्हतं. त्याने आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की तुला या घरात माझं म्हणून काही राहूच द्यायचं नाहीये, आधीपासूनच नव्हतं. असं तो उभ्या आयुष्यात तिला बोलला नव्हता. हेनीने लोणी लावलेला पाव त्याच्या ताटलीत ठेवला आणि दुसरा लावायला घेतला.

तो कॉफीचा कप घेऊन पुढच्या खोलीत, पडदे नसलेल्या मोठ्या खिडकीशी जाऊन बसला. बाहेरून जाणारेयेणारे सायकलवरून आत बघत होते आणि सवयीने हात करत होते, तोही सवयीने हात करत होता. नोकरीभर तो असाच काचेआड बसला होता, कालव्यावरच्या पुलाच्या खोलीत. बोट आली की घंटा, मग आडवे दांडे, मग पूल वर. सायकलवाल्यांच्या शिव्या, आणि बोटवाल्याने पुलाचं नाणं टाकावं म्हणून दोरीला बांधून खाली सोडलेला लाकडी बूट. दोन्ही बाजू बघ आणि मगच हात लाव, एवढाच त्या कामाचा नियम. त्याच्या हातून कधी अपघात झाला नाही. त्या जोरावरच तो साप पाळू शकला, असं त्याला वाटे. साप म्हणजे पाळलेला नेम. किती ऊब, किती ओल, किती दिवसांनी खाणं. ज्याला नेम पाळता येत नाही त्याने कुत्रा पाळावा, कुत्रा सांभाळून घेतो. आता या सगळ्यात एका फडक्याने धूळ काढणाऱ्या बाईने… पण इथे त्याचा विचार अडखळायचा. हेनीने फुल्या का काढाव्यात? हेनी शिसपेन्सिलीने कधी काही लिहीतच नसे. संडासातल्या भिंतीवर लटकवलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरावर नावं टिपायची तीसुद्धा बॉलपेनने, मेलेल्यांची खोडायची तीही बॉलपेननेच. पेन्सिल या घरात एकच, फ्रिजच्या मुठीला सुतळीने बांधलेली. त्या पेन्सिलीचा विचार त्याने मनातून झटकला आणि तो पुन्हा रागावर आला, कारण रागाच्या आत निदान ऊब होती.

दहाच्या कॉफीला आउके आला. आउके मासळीबाजारात हेरिंगची गाडी लावायचा. सोमवारी गाडी बंद, म्हणून दर सोमवारी तो इथे. पहिली मादी त्याने लॅमर्टकडूनच नेली होती. पुढे स्वतःच्या घरातली अख्खी माडी त्याने सापांनी भरली, बायको गेली, साप राहिले. शानमावशीच्या या शेवटच्या पुंजक्यातली दोन पिल्लं त्याने कधीचीच मागून ठेवली होती.

"पाद्रीबुवा, चेहरा का असा पडलाय? कुणी मेलं का?"

"आधी हात धू. वर चल."

"हात धुऊनच आलोय. वास जात नाही त्याला मी काय करू," आउके म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "हेनी, माझ्या बिस्किटावर लक्ष ठेव गं, एकच देतेस, तेही हा खातो." आतून बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं.

आउकेने फ्रिज उघडला आणि त्याची बडबड थांबली. मग खिशातला बारीक टॉर्च काढून त्याने एकेका अंड्याच्या बाजूला लावला. प्रकाश आत शिरला की अंडं आतून गुलाबी उजळायचं आणि त्यात लाल शिरांचं जाळं दिसायचं, निदान दिसायला हवं होतं. काहींत होतं, काहींत नुसता पिवळट गढूळपणा होता. "हे गेलं," आउके पुटपुटला. "हेही गेलं. हे… आहे बहुतेक. हे आहे." मग त्याने टॉर्च विझवला.

"हेनी म्हणते हात लागला," लॅमर्ट म्हणाला.

"कसला हात लागतोय. बघ ना. सगळी अगदी अर्ध्या फेऱ्याने फिरवलीत. एकही कलंडलेलं नाही, प्रत्येकाखाली शेवाळ पुन्हा दाबून बसवलंय. ज्याने केलं त्याने जीव लावून केलंय." आउके डोकं खाजवत होता. त्याला कोडं सोडवल्याचा थोडा आनंदही होत होता, आणि आपण काय बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. "आणि ही फुली. नुसता खोडसाळपणा करायचा तर टिंब पुसलं असतं. टिंब ठेवलंय आणि दुसऱ्या बाजूला फुली. म्हणजे फिरवणाऱ्याला दोन्ही बाजू ओळखू यायला हव्या होत्या. म्हणजे एकदा फिरवून थांबायचं नव्हतं त्याला."

लॅमर्टला तेव्हा रॉकेलचा वास आला. खोलीत रॉकेल नव्हतं, कधीच नव्हतं, पण वास आला तो इतका जवळून की त्याने मान वळवून पाहिलं. लहानपणीच्या, ड्रेन्थ प्रांतातल्या घरी गोठ्याच्या टोकाशी, बटाट्याच्या पोत्यांपलीकडे, आईची लाकडी पेटी होती. खाली रॉकेलचा दिवा, वर काच, आत कोंबडीची अंडी. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला टिंब आणि दुसऱ्या बाजूला फुली. सकाळी फुली वर, संध्याकाळी टिंब वर. न चुकता फिरवायची, फिरवलं नाही तर पिल्लू सालीला चिकटून मरतं. ते काम त्याच्याकडे होतं, कारण त्याचे हात लहान आणि हलके होते. "हळूच, लामी," आई म्हणायची, "त्यांना कळताही कामा नये." उठल्या उठल्या, डोळे धड उघडलेले नसताना, लाकडी बूट पायात अडकवून थंडीत कुडकुडत तो पेटीशी जायचा, आणि उबेत हात घातल्यावर त्याला जे सुख व्हायचं तसं पुढे कशानेच झालं नाही. एकदा तो विसरला होता. आईने मारलं नव्हतं. मेलेली पिल्लं एकेक करून त्याला दाखवली होती, सालीला चिकटलेली. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आउकेला नाही, मुलीला नाही, इतक्या वर्षांत हेनीलाही नाही. आईच्या पेटीतल्या फुल्या माहीत असलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

आउके अजून बोलत होता. कुलूप लाव, कोंबडीवाला असणार कोणीतरी, असलं काहीतरी. लॅमर्ट हो हो म्हणाला. त्याचे हात त्याच्या पुढ्यात होते आणि ते त्याला ओळखीचे वाटत नव्हते. मग आउकेला दारापर्यंत पोचवून तो पुन्हा वर आला, शानमावशीच्या पेटीसमोरच्या स्टुलावर बसला, आणि ज्या गोष्टी त्याने गेले काही महिने एकेक करून बाजूला सारल्या होत्या त्या आता न बोलावता येऊन त्याच्या शेजारी बसल्या. राखी नराने वसंतात खाल्लेलं ओकून टाकलं होतं. लॅमर्टने उंदराला दोष दिला होता, पण पोटातून एकाऐवजी दोन उंदीर निघाले होते, म्हणजे त्याला एकाच दिवशी दोनदा वाढलं गेलं होतं. एका सकाळी तो सायकल घेऊन थेट जुन्या पुलाशी गेला होता, पुलाची खोली बंद बघून बराच वेळ उभा होता, आणि घरी येऊन फिरायला गेलो होतो म्हणाला होता. हेनीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मग पायांकडे पाहिलं होतं. पायांत कामावरचे जाड बूट होते. आणि आई. शेवटच्या वर्षांत वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती सगळ्यांचे रिकामे कप उलटे करायची, पुन्हा सुलटे करायची, हलक्या हाताने, कुणाला कळू नये इतक्या हळूच. परिचारिका हसायच्या. लॅमर्टला लाज वाटायची आणि तो कप तिच्यापासून दूर सरकवायचा. ती काय करत होती हे त्याला आज, या स्टुलावर, कळलं. त्याने कप दूर सरकवले होते आणि ती घाबरून टेबल चाचपत राहिली होती, हेही आता आठवलं. भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी आईची फार आठवण येत होती.

शानमावशीचे डोळे निळसर झाले होते. अंडी घातल्यावर मादी पुन्हा एकदा कात टाकते, ते दिवस आले होते. तिला आता नीट दिसत नव्हतं. ती लाकडाच्या सालीखाली नुसती पडून होती आणि तिला कशाची घाई नव्हती. हेनी केव्हा येऊन दारात उभी राहिली हे लॅमर्टला कळलं नाही. ती या खोलीच्या आत सहसा येत नसे. आज ती आत आली आणि मुलीच्या जुन्या पलंगाच्या कडेवर बसली.

"तू बघितलंस मला," लॅमर्ट म्हणाला. त्याने विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"किती दिवस?"

"बरेच. पहाटे उठून येतोस. मी आधी समजले शौचाला जातोस. मग एकदा मागोमाग आले. तू फिरवत होतास आणि काहीतरी गुणगुणत होतास. इतका शहाण्यासारखा दिसत होतास रे. मला वाटलं, असंच असणार यांचं. मला काय कळतंय सापांतलं?"

"मग सकाळी का नाही बोललीस? मी तुला इतकं…"

हेनीने एप्रनची किनार बोटांवर गुंडाळली, सोडली. "तू म्हणालास कुणीतरी उलटी केली, तेव्हा मला समजलं. तेव्हा वाटलं, माझीच चूक असती तर किती बरं झालं असतं. म्हणून म्हटलं, करून बघू. तू चिडलास तरी चालेल. चिडलेला लॅमर्ट मला माहितीये."

त्याने एवढंच सांगितलं की सकाळी जे बोललो ते खरं नव्हतं, कधीच नव्हतं. हेनी म्हणाली, "माहितीये, माहितीये," आणि उठून पडदा नसलेल्या खिडकीचं तावदान उगीचच एप्रनने पुसलं. मग त्याने कोंबड्यांची पेटी, रॉकेल, फुल्या, कप, सगळं सांगितलं. सांगताना तर्जनी वर केली नाही. ऐकून झाल्यावर हेनी खाली गेली आणि सायकलची साखळी आणि कुलूप घेऊन आली, जुनं, तिच्या स्वतःच्या सायकलचं. साखळी दोघांनी मिळून फ्रिजभोवती गुंडाळली. मूठ, मागची जाळी, पुन्हा मूठ. अंडी आहेत तशीच ठेवायची, आता पुन्हा फिरवणं आणखी वाईट, हे त्याने तिला नीट समजावलं आणि तिने शाळेतल्या मुलीसारखं ते परत म्हणून दाखवलं. कुलूप तिने लावलं. किल्ली तो मागणार नाही, मागितली तरी तिने द्यायची नाही, असं ठरलं. सुतळीची पेन्सिल त्यानेच कापून तिच्या हातात दिली. मग हेनीने डॉक्टरांना फोन केला, आणि तो जिन्यावर बसून तिचं बोलणं ऐकत राहिला. ती त्याचं नाव, जन्मतारीख सांगत होती, आणि मग जराशी थांबून, हलक्या आवाजात बाकीचं.

उन्हाळा असाच सरकला. काही वेळा पहाटे तो फ्रिजपाशी जागा झाला, हात साखळीवर. साखळीच्या थंडपणाने भान यायचं. थोडा वेळ तिथेच थांबून तो खाली यायचा. हेनी पलंगावर जागी असायची आणि पांघरूण उचलायची. सोमवारी ती कुलूप काढायची आणि तो हात पाठीमागे बांधून बघायचा. एकेक अंडं पिवळं पडून खचत गेलं, काहींवर निळी बुरशी धरली. ती हेनी चमच्याने उचलून कागदात गुंडाळायची, पहिल्या वेळी तोंड वाकडं करून, नंतर न करता. त्याला दरवेळी वाटायचं की आज सगळी गेली असतील आणि एकदाचं संपेल. दरवेळी थोडी पांढरी उरलेली असायची. ती उरलीत याचा आनंद होण्याऐवजी त्याला धाकधूक व्हायची. या जीवांपैकी एक जरी जिवंत बाहेर आला तर आपल्यालाही काही महिने, काही वर्षं मिळतील, अशी एक वेडगळ पैज त्याने मनातल्या मनात लावली होती, आणि ती वेडगळ आहे हे कळूनही मोडता येत नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी, सोमवार नसताना, सकाळच्या उजेडात हेनीने वरून हाक मारली. तिच्या आवाजावरून काही कळेना, म्हणून तो जिना दमाने चढला. साखळी जमिनीवर पडली होती. एका अंड्याला पात्याने कापावी तशी बारीक चीर गेली होती, आणि त्या चिरेतून, फुलीला अगदी लागून, नखाएवढं डोकं बाहेर आलं होतं. ओलं, नारंगी, आणि डोळे उघडे. दुसऱ्या एका अंड्यालाही चीर होती. बाकीची गप्प होती. पिल्लू बाहेर यायला दिवस दिवस घेतं, घाई करायची नाही, हे लॅमर्टला आठवलं आणि आठवलं म्हणून त्याला हायसं वाटलं. ते दोघं पलंगाच्या कडेवर बसून राहिले. हेनीने खालून पाव आणून दिला. दुपार झाली, डोकं आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. या रंगाला संघातले लोक एक खास नाव देतात ते त्याला काही केल्या आठवेना, आणि त्याने ते शोधणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू शेवाळावर आलं होतं, बुटाच्या नाडीएवढं, अंगावर ओल्या कवचाचा तुकडा घेऊन.

त्याचे हात अजून पाठीमागेच होते. हेनीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे. मग जिने सापाला आयुष्यात हात लावला नव्हता तिने दोन बोटं खाली सरकवून ते उचललं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"घे," ती म्हणाली.

"नको. माझ्या हातांचा भरवसा नाही."

"घे रे लॅमर्ट. आता उलटं झालं तरी त्याला काही होत नाही."

त्याने हात पुढे केले. पिल्लू त्याच्या बोटांतून वर गेलं, तळव्याखाली उलटं लटकलं, पुन्हा सुलटं झालं, आणि लॅमर्ट आपला हात हळूच, अगदी हळूच फिरवत राहिला, त्याला कळताही कामा नये म्हणून.